‘आई, तू फक्त विमानात बस’

प्रश्न: पत्र लिहिणाऱ्या ताई ६२ वर्षांच्या आहेत. नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या. मुलगी-जावई जर्मनीत म्युनिकला असतात आणि मुलीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलंय. यजमानांना दुकान सोडून जाता येत नाही, त्यामुळे ताईंना एकटीनेच जायचंय, तेही तीन महिने. मुलगी म्हणते, ‘आई, तू फक्त विमानात बस, बाकी आम्ही बघतो. एकटी मात्र बाहेर पडू नकोस.’ यजमान म्हणतात, इथला मोबाइल नंबर बंद करून टाक, उगाच रिचार्जचा खर्च. शेजारणीने सांगितलंय, की तिच्या भावाला तिथे तिकीट काढलेलं असूनही दंड झाला. ताईंना जर्मन येत नाही, इंग्रजी जेमतेम. त्या विचारतात, ‘सारखं जावयाला कसं सांगायचं, मला इथे ने, तिथे ने? आणि एकटी निघाले नि हरवले तर? जमणार नाही असं कळवून टाकू का?’

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेला आहात: ‘पेठ तालुक्यात होते तेव्हा कितीतरी वर्षं अप-डाउन केलं.’ अप-डाउन काय असतं ते केलेल्यालाच माहीत. पहाटेची एसटी, ती चुकली तर काळी-पिवळी, फाट्यावर उतरून पुढे पायी. पावसाळ्यात सावळघाटात झाड आडवं पडलं की गाडीतच डबा उघडायचा. हातात मोबाइल नव्हता, घरी कळवायची सोय नव्हती. आणि हे सगळं केलेली बाई मला विचारतेय, की मला तिथे बसमध्ये बसता येईल का! मुलीची काळजी खरी आहे, पण त्या काळजीपायी तुम्ही स्वतःलाच फार कमी लेखायला लागला आहात, असं मला वाटलं.

शिवाय मुलीचा बेत नीट तपासून बघा. ‘बाकी आम्ही बघतो’ म्हणणारी माणसं दोन. त्यातली एक बाळंतीण. दुसरा नोकरीवर, नाहीतर दवाखान्याच्या आणि सरकारी कागदपत्रांच्या मागे. डायपर संपले, दूध संपलं, औषध आणायचंय, अशा वेळी उठून बाहेर जाऊ शकेल असं घरात एकच माणूस उरतं, ते म्हणजे तुम्ही. तेव्हा एकटीने बाहेर पडणं याला तुमची हौस समजू नका. त्या घराला त्याची गरज पडणार आहे. मुलीशी बोलताना याच बाजूने बोला, ती नाही म्हणायची नाही.

आता भाषेचं. दुकानात, दवाखान्यात भाषा अडेल. प्रवासात तुम्हाला वाटतंय तेवढी अडणार नाही. कुंभमेळ्यात लांबलांबून आलेली म्हातारी माणसं मराठीचा गंध नसताना रामकुंडापर्यंत पोचतात आणि परतही जातात, २०१५ साली तुम्ही पाहिलंच असेल. तुमची खरी अडचण वेगळीच होणार आहे. आपण प्रवास करतो तो माणसांना विचारून. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर गाडीला दिंडोरीची पाटी ढळढळीत लावलेली असते, तरी ‘दिंडोरी ना?’ असं कंडक्टरला विचारल्याशिवाय आपला पाय पायरीवर पडत नाही. म्युनिकच्या फलाटावर विचारायला बहुधा कोणी नसतं. लोकलमध्ये, मेट्रोत, बसमध्ये कंडक्टर नाही, आत शिरताना तिकीट तपासणारं फाटक नाही, झेंडी दाखवणारा कोणी दिसत नाही. जे काही आहे ते पाटीवर लिहिलेलं. पाटीवर विश्वास ठेवायची सवय करणं, एवढाच काय तो अभ्यास.

हा अभ्यास नाशिकलाच सुरू करा. घरून सिटीलिंकच्या बसने नाशिकरोडला जा आणि परत या, कुणालाही काहीही न विचारता. नकाशात बघा, थांब्यावरचा आणि बसवरचा मार्गाचा नंबर वाचा, आपला थांबा आपण ओळखून उतरा. मुंबईला जाणं झालं तर मेट्रोत यंत्रातून तिकीट स्वतः काढा. मागच्या माणसाने ‘काकू, मी काढून देऊ का?’ म्हटलं तर नको म्हणा. अवघड आहे, मला कल्पना आहे.

म्युनिकमध्ये एस-बान ही उपनगरी गाडी, यू-बान म्हणजे मेट्रो, शिवाय ट्राम आणि बस. चारही वाहनांना एकच तिकीट चालतं. प्रत्येक मार्गाला नंबर असतो, एस आणि यू गाड्यांना नकाशात ठरलेला रंगही असतो. गाडी कोणत्या दिशेची ते तिच्या शेवटच्या स्थानकावरून कळतं. दादरला उभं राहून कसारा लोकल पकडलेल्या माणसाला यात नवं काही नाही. वेळा २४ तासांच्या घड्याळात असतात, आपल्या रेल्वेसारख्याच. घराजवळून जाणाऱ्या मार्गाच्या दोन्ही टोकांची नावं आणि आपल्या स्थानकाचं नाव पाठ करा. सुरुवातीला तेवढं पुरे.

काही गोष्टी मात्र कोणी सांगितल्याशिवाय कळत नाहीत. गाडी थांबली म्हणून दार आपोआप उघडेलच असं नाही. दारावरचं बटण दाबावं लागतं, काही जुन्या डब्यांना कडी ओढावी लागते. नवखा माणूस दार उघडायची वाट बघत उभा राहतो आणि गाडी निघून जाते. बसमध्ये उतरायच्या आधी खांबावरचं बटण दाबायचं, नाहीतर थांब्यावर कोणी चढणारं-उतरणारं नसेल तर बस थांबतच नाही. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईतल्यांची. आखूड गाडी फलाटाच्या एका भागातच थांबते, म्हणून टोकाला जाऊन उभ्या राहू नका.

आणि विमानतळाच्या एस-१ गाडीची गंमत जरूर लक्षात ठेवा. शहरातून निघालेली ही गाडी नॉयफार्न स्थानकावर दुभंगते. मागचे डबे विमानतळाला जातात, पुढचे फ्रायझिंग नावाच्या गावाला. नेहमीचे लोकही बॅगा घेऊन पुढच्या डब्यात बसतात आणि फसतात. दारावरची पाटी बघून चढायचं, किंवा सरळ एस-८ धरायची. ती अख्खी विमानतळाला जाते.

जर्मन गाड्या घड्याळाच्या ठोक्यावर धावतात, ही समजूत मात्र नाशिकरोडलाच सोडून जा. म्युनिकच्या जवळजवळ सगळ्या एस-बान शहराच्या पोटातल्या एकाच बोगद्यातून जातात. तिथे एक अडली की मागे सगळ्यांची रांग लागते. गाडी रद्द होते, फलाट बदलतो, घोषणा जर्मनमध्ये होते. अशा वेळी घोषणा कळली नाही तरी चालेल. पाटीवरचा मजकूर बदलला आणि शेजारची माणसं पिशव्या उचलून चालू लागली की आपणही निघायचं.

शेजारणीच्या भावाला दंड का झाला असेल, याचा अंदाज करता येतो. तिकीट काढणं आणि ते चालू करणं ही तिथे दोन वेगळी कामं आहेत. फलाटाच्या तोंडाशी, बसमध्ये, ट्राममध्ये छोटी यंत्रं असतात. ज्या कागदी तिकिटावर आधीच वेळ छापलेली नसते ते त्यात सरकवून शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नाही म्हणजे तिकीट नाही. तपासनीस साध्या कपड्यांत येतात, दंड ६० युरो, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे तिथे कोणी ऐकून घेत नाही. अन्याय वाटेल, पण नियम सगळ्यांना सारखा आहे.

माझं ऐकाल तर सुट्या तिकिटांच्या भानगडीत न पडता डॉइचलांडटिकेट घ्या. देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो, उपनगरी आणि प्रादेशिक गाड्यांना चालणारा हा मासिक पास मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ झाला आणि २०२६ पासून ६३ युरो आहे. तुम्ही आठवड्यातून एकदाच बाहेर पडणार असाल तर हिशेबाने तो महाग पडेल, हे खरं. तरी निदान पहिल्या महिन्यासाठी घ्याच. पास असला की चुकीच्या गाडीत बसलात तरी तुमचं तिकीट बरोबरच असतं. चुकायची भीती अर्धी तिथेच संपते. आयसीई, आयसी अशा लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना तो चालत नाही, एवढं जपा. पास तुमच्या नावाचा असतो, दुसऱ्याला देता येत नाही, सोबत फोटो असलेलं ओळखपत्र ठेवावं लागतं. तो १ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत धरतात आणि पुढच्या महिन्यात आपोआप चालू राहतो, म्हणून शेवटच्या महिन्यात १० तारखेच्या आत बंद करायला जावयांना सांगून ठेवा. मोबाइलमध्ये मिळतो तसा काही ठिकाणी कार्डावरही मिळतो. तुम्ही कार्डच मागा. बॅटरी संपली की मोबाइलमधलं तिकीटही संपतं.

जावयांना सारखं कसं सांगायचं, हा तुमचा संकोच मला पूर्ण समजतो. त्यावर उपाय एकच, त्यांच्याकडे एकदाच आणि मोठं काहीतरी मागा. पहिल्या आठवड्यात त्यांना म्हणा, ‘मला फिरवू नका, माझ्या मागून चाला.’ घरातून निघायचं, दाराला कुलूप तुम्ही लावायचं, पाटी तुम्ही वाचायची, बटण तुम्ही दाबायचं. त्यांनी दहा पावलं मागे राहायचं आणि तुम्ही चुकलात तरी तोंड उघडायचं नाही. चुकून उलट्या गाडीत बसलात तर त्यांनीही गुपचूप बसायचं. घर ते दुकान, घर ते औषधांचं दुकान, घर ते दवाखाना, एवढेच रस्ते. मुलगी अजून हिंडती-फिरती असेल तर हे तिच्याबरोबरही होईल, पण मला वाटतं जावई बरे; मुली मध्येच बोलतात.

कोणी पुढे चालत असलं की आपण त्याच्या पाठीकडे बघतो, रस्त्याकडे बघत नाही. परदेशी जाऊन आलेल्या कितीतरी आईवडिलांना सगळी प्रेक्षणीय ठिकाणं सांगता येतात, पण मुलाच्या घराजवळचं स्थानक सांगता येत नाही, ते यामुळेच.

आता घराचं. तिथल्या इमारतींत फ्लॅटला सहसा नंबर नसतो. खालच्या दाराशी घंट्यांची पट्टी असते आणि प्रत्येक बटणापुढे आडनाव. तिसरा मजला, उजवीकडे, असं सांगून काही उपयोग नाही. पट्टीवर नेमकं कोणतं आडनाव लिहिलंय, मुलीचं की जावयांचं, ते पहिल्याच दिवशी जाऊन बघा. दुसरं, घराचं दार ओढलं गेलं की बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही, आणि कुलूपवाल्याला बोलावलं तर तो सणसणीत पैसे लावतो. कचरा टाकायला जाताना मागे दार आपटलं आणि बाळ-बाळंतीण आत झोपलेली, असा प्रसंग नको. किल्ली गळ्यात दोरीला.

एका जाड कागदावर पत्ता लिहून घ्या: आधी रस्त्याचं नाव, मग घराचा नंबर, खाली पाच आकडी पिनकोड आणि शहर. त्याखाली घंटेवरचं आडनाव, जवळच्या स्थानकाचं नाव, मुलीचा आणि जावयांचा नंबर, सुरुवातीला +४९ लावून. रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत. तुमचं फळ्यावरचं अक्षर चांगलं असणारच. मोबाइल बंद पडला तर हा कागद कोणालाही दाखवता येतो, आणि म्युनिकमधल्या तरुण पोरांना इंग्रजी येतं.

हरवण्याची भीती म्हणता, तर चुकीच्या गाडीत बसल्याचं कळलं की पुढच्या स्थानकावर उतरायचं. मेट्रोच्या पुष्कळ स्थानकांत उलटी गाडी त्याच फलाटाच्या दुसऱ्या कडेला येते. परत फिरायचं, झालं. मेट्रोच्या फलाटावर मदतीचा खांबही असतो, बटण दाबलं की पलीकडून माणूस बोलतो. आणीबाणीत रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११२, म्हणजे आपल्याकडचाच आकडा. पोलिसांसाठी ११०. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा आहे पण जिवावरचं नाही, तर ११६११७. हे तीन आकडे फ्रिजवर चिकटवा.

यजमानांचा सल्ला मात्र साफ बाजूला ठेवा. नंबर बंद केला की बँकेचा ओटीपी बंद, आधारचा बंद, पेन्शनच्या खात्याचे मेसेज बंद. तीन महिन्यांनी परत आल्यावर सगळीकडे अर्ज करत फिरावं लागेल आणि दुकान सोडून यजमान त्या रांगेत उभे राहणार नाहीत. निघण्यापूर्वीच कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. तिथे गेल्यावर ते सुरू करायचं तर पुन्हा ओटीपीच मागतात. परतीपर्यंत टिकेल एवढा साधा रिचार्ज मारा. सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद ठेवा. रोमिंगमध्ये येणाऱ्या मेसेजला सहसा पैसे पडत नाहीत, पण आलेला फोन उचलला तर पडतात. म्हणून बहिणी-भावजयांना आत्ताच बजावून ठेवा: साधा फोन नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरच.

तिथल्या इंटरनेटसाठी दुसरं सिम जर्मन घ्या. जर्मनीत २०१७ पासून प्रीपेड सिमलाही ओळख पटवावी लागते, त्यामुळे पासपोर्ट घेऊन जावयांबरोबरच हे काम उरका. तुमच्या मोबाइलला दोन सिम लागतात का, की दुसरं ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता चालणारं सिम घ्यावं लागेल, ते इथेच बघून घ्या; दोन्ही नसेल तर घरातला जुना मोबाइल न्या. व्हॉट्सअ‍ॅपने ‘नंबर बदलायचा का?’ विचारलं तर नाही म्हणा, जुन्याच नंबरावर ते चालतं. आपल्याकडच्या मानाने तिथे डेटा महाग आहे आणि शहराबाहेर गाडी गेली की रेंज जाते. यात काही बिघडलेलं नसतं.

पैशांचं थोडक्यात. यूपीआयवर दुकानातली खरेदी होईल असं धरून चालू नका. बँकेचं कार्ड परदेशात वापरायचं तर आधी सुरू करून घ्यावं लागतं, ते बँकेच्या अ‍ॅपमधून होतं. थोडे सुटे युरो जवळ असू द्या, छोट्या बेकऱ्यांत अजून रोखच मागतात. रविवारी दुकानं बंद असतात, दूध-डायपर शनिवारी. आणि तुमचा मुक्काम नोव्हेंबरमध्ये येणार असेल तर पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं बघा. मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाणपत्र काढता येतं. तीही गोष्ट नंबर चालू ठेवण्यातली.

हे वाचणाऱ्यांत दुसऱ्या देशांत जाणारेही असतील, त्यांच्यासाठी दोन शब्द. दुबईला जात असाल तर तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात पण बोलता येत नाही, त्यामुळे घरच्यांशी बोलायचं कसं ते आधी ठरवा. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, कार्ड लागतंच. अमेरिकेतल्या उपनगरांत मात्र वर लिहिलेलं फारसं उपयोगाचं नाही. पुष्कळ ठिकाणी बस नाही, पायी जायला कडेची वाटही नाही. तिथे कोंडल्यासारखं वाटलं तर दोष तुमच्या हिमतीचा नाही, गावाच्या रचनेचा आहे. गाडी चालवत असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. तो वर्षभर चालतो, पण त्या त्या राज्याचा नियम वेगळा असतो. चालवत नसाल तर आठवड्यातला एक दिवस बाहेर पडण्याचा, असं मुलांकडून जायच्या आधीच कबूल करून घ्या.

तर ताई, जा. तिकीट काढताना मात्र ‘तीन महिने’ असं ढोबळ धरू नका. शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसावर, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि पोचल्याचा व निघाल्याचा दिवसही त्यात धरतात. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर मिळूनच ९२ होतात. व्हिसावर किती दिवस लिहून येतात तेही वाचा, कधी कमी देतात. परतीची तारीख चार-पाच दिवस आधीची घ्या, म्हणजे तिथे विमान रद्द झालं तरी व्हिसा संपायचा नाही. व्हिसासाठी जो किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा काढाल, त्याची मुदतही व्हिसाच्या शेवटच्या दिवसापर्यंत मागून घ्या.